पंधराचा पाढा पुरे

मुंबईच्या रणजी संघांची तुलना करायला बसलं की वाद दोन मिनिटांत संपतो. कुणीतरी 'सलग पंधरा' म्हणतं आणि बाकीचे गप्प होतात. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने एकही वर्ष न चुकवता रणजी करंडक जिंकला. उम्रीगर, नाडकर्णी, रमाकांत देसाई, सरदेसाई, वाडेकर, सोलकर, शिवलकर, शेवटी शेवटी गावसकर. एवढी नावं घेतल्यावर पुढे बोलणार काय? मग पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, तेही ठरलेलं: "आत्ताच्या पोरांना आयपीएलने बिघडवलं. तो खडूसपणा राहिला नाही."

मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचं आहे. २०२४ पर्यंत मुंबईने ४२ वेळा रणजी जिंकली. माझ्या मते त्यातला सगळ्यात मोठा करंडक त्या पंधरांतला नाही. तो बेचाळिसावा आहे, अजिंक्य रहाणेच्या संघाने मार्च २०२४मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून जिंकलेला. आणि मुंबई आता दरवर्षी जिंकत नाही याला जे लोक 'घसरण' म्हणतात, ते फक्त मुंबईकडे बघतात. समोरच्या संघाकडे त्यांचं लक्षच जात नाही.

हे मी मुंबईकर म्हणून लिहीत नाही. मी लासलगावचा. पंचवटी एक्सप्रेसने निघालो तर दुपारच्या आत दादरला उतरतो, पण क्रिकेटच्या नकाशात आमचा नाशिक जिल्हा मुंबईकडे नाही. तो महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आहे. लासलगावच्या पोराचा रणजीचा रस्ता पुण्याकडे जातो. म्हणजे हिशोबाने मुंबई ही आमची सगळ्यात जुनी प्रतिस्पर्धी. तरी आमच्याकडे चहाच्या टपरीवर 'आपल्या मुंबईचा' पंधराचा पाढा म्हणणारे काका ढिगाने सापडतात. त्यांचा मान राखून सांगतो, काका, तुमचा पाढा बरोबर आहे. त्यातून तुम्ही जे उत्तर काढता ते चुकीचं आहे.

भाव एकटा वाचायचा नसतो

लासलगावात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बाजार समितीच्या रोजच्या नोंदीत आवक, किमान, कमाल आणि सरासरी असे रकाने असतात. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो कमाल भाव. पण ज्याचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा असतो तो विचारतो, आवक किती होती आणि सरासरी काय निघाली? आवक तुटली की मध्यम माल पण चढ्या भावाने जातो. लाल कांद्याचा भाव आणि उन्हाळ कांद्याचा भाव शेजारी मांडून कोणता कांदा भारी, असा निकाल तर कुणी लावतच नाही. एक काढला की लगेच विकावा लागतो, दुसरा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. हंगाम वेगळा, गिऱ्हाईक वेगळं.

विजेतेपद हा खेळातला कमाल भाव आहे. त्या वर्षी तुम्ही बाकीच्यांच्या पुढे होतात, एवढंच तो सांगतो. बाकीचे कुठे होते हे दुसऱ्या रकान्यात बघावं लागतं.

फुटबॉल बघणाऱ्यांना हा घोळ ओळखीचा असेल. रेआल माद्रिदने १९५६ ते १९६० असे पहिले पाचही युरोपियन कप जिंकले. दी स्तेफानो, पुष्कास, हेंतो असा तो संघ. पण १९५५-५६च्या पहिल्या स्पर्धेत सोळाच क्लब होते आणि इंग्लंडचा विजेता चेल्सी त्यात उतरलाही नव्हता. झिदानच्या माद्रिदने २०१६, २०१७ आणि २०१८ अशा तीन चॅम्पियन्स लीग लागोपाठ जिंकल्या. पाच मोठे की तीन? नुसता आकडा बघितला तर पाच. समोर कोण होतं हे विचारलं तर उत्तर इतकं सोपं राहत नाही. दी स्तेफानो लहान होत नाही, पण झिदानच्या तीनांचं वजन वाढतं.

मुंबईच्या पंधरांना हाच प्रश्न विचारायचा. आपल्याकडे तो विचारला की लोकांना देव्हाऱ्याला हात लावल्यासारखं वाटतं.

तेव्हा समोर कोण होतं?

रणजी करंडक १९३४-३५ला सुरू झाला. पहिलाच करंडक मुंबईचा. तिथून १९५७-५८पर्यंत चोवीस मोसम झाले आणि मुंबईने नऊ जिंकले. उत्तम कामगिरी, पण मक्तेदारी नाही. कारण समोर तगडे संघ होते. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक नेले. सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींच्या होळकर संघाने चार नेले. बडोद्याने चार नेले, त्यातला चौथा १९५७-५८चा, म्हणजे पंधराची माळ सुरू व्हायच्या आदल्याच वर्षीचा.

यातल्या बऱ्याच संघांमागे संस्थानिकांचा पैसा होता. राजाला क्रिकेटची हौस असायची, तो खेळाडूला दरबारात किंवा लष्करात नोकरी द्यायचा, खेळाडू त्याच्याकडून खेळायचा. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, तनखे उरले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर होळकर संघच संपला. राजाच्या जागी खेळाडूला पगार देणार कोण? सरकारी खात्यांनी थोडा दिला, रेल्वे आणि सेनादल याच काळात उभे राहिले. पण खासगी कंपन्या, बँका, गिरण्या यांची मोठी ऑफिसं एका शहरात एकवटली होती. टाटा, एसीसी, मफतलाल, निरलॉन यांचे संघ टाइम्स शील्ड खेळायचे. शाळेतल्या पोराला हॅरिस आणि गाइल्स शील्ड होती. १९४८पासून भर पावसातली कांगा लीग होती. सकाळी नेट, दिवसा नोकरी, शनिवार-रविवार मॅच, आणि हे सगळं लोकलच्या पासावर. देशात दुसरीकडे कुठेही हे सगळं एका जागी नव्हतं.

आता बापू नाडकर्णींकडे बघा. जन्म नाशिकचा, १९३३चा. सुरुवात महाराष्ट्राकडून. १९६०-६१पासून ते मुंबईकडून खेळू लागले. १९६४च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. खडूस या शब्दाला याहून चांगलं उदाहरण कुठलं देणार? आणि ते नाशिकचं आहे. पंधराच्या माळेत आमच्याही वाडीचा मणी होता, पण माळ मुंबईच्या गळ्यात होती आणि महाराष्ट्राच्या संघात त्या जागी भोक पडलं होतं.

उलट्या दिशेनेही हेच. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा मोसमांत राजस्थानने मुंबईविरुद्ध सात अंतिम सामने खेळले आणि सातही हरले. त्या राजस्थानात सलीम दुराणी होते, हनुमंत सिंग होते, आणि आधी मुंबईकडून खेळून गेलेले विनू मांकड आणि विजय मांजरेकरही होते. म्हणजे दशकभर देशातला दोन नंबरचा संघ काही प्रमाणात मुंबईच्याच दाण्यावर उभा होता. दहांतले सात अंतिम सामने त्याच दोघांत होत असतील तर ही कुठली अफाट स्पर्धा?

स्पर्धेची रचनाही बघा. १९५७-५८पासून विभागीय साखळी आली. पश्चिम विभागात पाच संघ: मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. चार सामने साखळीचे, मग दोन-तीन बाद फेरीचे, की करंडक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीवर निकाल. आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी असलेल्या संघासाठी हा नियम म्हणजे घरचंच अंगण.

मुंबईच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. साठच्या दशकात विभागातला फक्त पहिला संघ पुढे जायचा. एक सामना घसरला की वर्ष गेलं. पंधरा वर्षं एकदाही न घसरणं सोपं नव्हतं आणि मी तसं म्हणत नाही. शेवटचा, १९७२-७३चा अंतिम सामना चेपॉकच्या आखाड्यावर झाला. समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार यांचा तमिळनाडू, खेळपट्टी त्यांच्या सोयीची. तिथे शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. सामन्यात ३४ धावांत १३. असा गोलंदाज कसोटी न खेळता निवृत्त झाला यावर वेगळा लेख होईल.

पण पंधरा करंडक हे एका संघाचं काम नाही. १९५८चा संघ आणि १९७३चा संघ यांत जवळजवळ एकही माणूस सारखा नाही. पंधरा करंडक हे एका शहराच्या मैदानांचं, ऑफिसांचं, शाळांचं काम आहे. त्या व्यवस्थेला सलाम. तुलना मात्र संघांची चालली आहे. अकरा माणसांची, एका मोसमाची.

आणि दुसरीकडे तशी व्यवस्था उभी राहायला लागली तशी माळ तुटली. १९७३-७४च्या उपांत्य सामन्यात प्रसन्नाच्या कर्नाटकाने बंगळुरूला मुंबईला थांबवलं आणि करंडकही नेला. पुढची तीन वर्षं पुन्हा मुंबई. १९७६-७७पर्यंत एकोणीस मोसमांत अठरा करंडक. मग दिल्ली आली, कर्नाटक परत आला. १९७७-७८पासून २०२३-२४पर्यंत, कोविडचा मोसम सोडून, छेचाळीस स्पर्धा झाल्या आणि मुंबईने पंधरा जिंकल्या. आधी पंधरात पंधरा, मग छेचाळिसात पंधरा. काकांना यात मुंबईचा ऱ्हास दिसतो. मला भारत दिसतो.

"पण तेव्हा कसोटीवीर खेळायचे"

हा समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा आहे. साठच्या दशकात भारत वर्षाकाठी मोजक्या कसोटी खेळायचा. वनडे नव्हत्या, आयपीएल नव्हती. त्यामुळे जयसिंहा, पतौडी, दुराणी, पंकज रॉय, चंद्रशेखर सगळे रणजीत असायचे. आता मोठी नावं रणजीत औषधाला सापडतात. मग तेव्हाची रणजी जास्त कठीण नव्हती का?

वरच्या टोकाला होती. एखाद्या दिवशी समोर जो फलंदाज उभा असायचा तो आजच्या रणजीतल्या फलंदाजापेक्षा मोठा असू शकायचा. पण संघ अकरांचा असतो. दोन कसोटीवीर आणि नऊ हौशी कारकून असा संघ हरवणं, आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत क्रिकेटशिवाय दुसरं काही न केलेले अकरा जण हरवणं, यात फरक आहे. आज कुठल्याही राज्याच्या सहाव्या फलंदाजाकडे बघा. त्याच्याकडे फिजिओ आहे, व्हिडिओ आहे, वयोगटांच्या स्पर्धांतले शंभर सामने आहेत. माझ्यापुरतं मी याला सरासरी भाव म्हणतो. कमाल तेव्हा जास्त असेल, सरासरी आज जास्त आहे. आणि रणजी चार-पाच दिवसांचे सामने खेळून जिंकायची असते, तेव्हा सरासरीच सामना काढते.

दुसरं, मोठे खेळाडू गैरहजर असतात हे मुंबईलाही लागू आहे. किंबहुना मुंबईलाच जास्त. म्हणून मी संघ मोजायची एक साधी कसोटी सुचवतो: तुमचे सगळ्यात चांगले खेळाडू गेल्यावर तुम्ही काय करता?

नव्वदचं दशक: कागदावर सगळ्यात भारी

नुसती नावं बघायची तर पहिला नंबर साठच्या दशकाचाही नाही, नव्वदच्या दशकाचा आहे. १९९३-९४ला रवी शास्त्रीच्या नेतृत्वाखाली मुंबई जिंकली. त्याच मोसमात अमोल मुजुमदारने पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. पुढच्या वर्षी पंजाबविरुद्धच्या अंतिम सामन्यात सचिनने दोन्ही डावांत शतकं ठोकली, १४० आणि १३९. मांजरेकर, कांबळी, बहुतुले, नीलेश कुलकर्णी, म्हांब्रे, कुरुविला. फँटसी लीगमध्ये हा संघ कुणीही डोळे झाकून निवडेल.

पण या पिढीची गोष्ट १९९१पासून सांगायला हवी. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात कपिल देवच्या हरियाणाने ३५५ धावांचं लक्ष्य दिलं. सचिनने ९६ काढल्या, वेंगसरकर १३९वर नाबाद राहिला, आणि मुंबई दोन धावांनी हरली. १९८५-८६ ते १९९२-९३ अशी आठ वर्षं करंडक आला नाही, तेव्हाही संघात नावं कमी नव्हती. १९९९-२००० मध्ये उपांत्य फेरीत तमिळनाडूसमोर अडचण आली तेव्हा सचिनच्या नाबाद २३३ धावा लागल्या. सचिन असताना जिंकणं हे सचिनचं मोठेपण आहे. त्यातून संघाचं मोठेपण मोजता येत नाही. म्हणून माझ्या यादीत हा संघ तिसरा.

दोन संघ, त्रेपन्न वर्षांचं अंतर

माझ्या कसोटीवर दोनच संघ खरे उतरतात. पहिला त्या पंधरांतलाच आहे, पण काका त्याचं नाव क्वचितच घेतात. १९७०-७१चा.

त्या वर्षी वाडेकरांचा भारतीय संघ वेस्ट इंडीजला होता. गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरदेसाईंनी मालिका उभी केली, सोलकर होते, अशोक मांकड होते. म्हणजे मुंबईचा कणाच तिकडे. इकडे अंतिम सामना मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. आमची संधी होती ती! मुंबईचं नेतृत्व सुधीर नाईकांकडे, संघात मागच्या बाकावरची मुलं. आणि त्यांनी आम्हाला हरवलं. पंधरांतल्या कुठल्याही करंडकापेक्षा मला हा मोठा वाटतो, कारण वाडेकर-गावसकर नसताना मुंबई म्हणजे काय हे त्यातून कळलं.

दुसरा २०२३-२४चा. परिस्थिती जवळजवळ तीच. इंग्लंडचा संघ भारतात पाच कसोटी खेळत होता. मुंबईचा रोहित कर्णधार, मुंबईच्या यशस्वी जयस्वालने त्या मालिकेत ७१२ धावा केल्या, सर्फराज खानने त्याच मालिकेत पदार्पण केलं. रणजीत उरलेल्यांनी खेळायचं. आणि आता स्पर्धा पाच संघांच्या विभागाची नव्हती. एलिट गटांतच ३२ संघ, साखळीचे सात सामने, मग उपउपांत्य, उपांत्य, अंतिम. एकूण दहा.

उपउपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनने नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकाच्या तुषार देशपांडेने १२३ धावा काढल्या. शेवटच्या जोडीने २३२ जोडल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या आख्ख्या इतिहासात दहाव्या आणि अकराव्या दोघांचीही शतकं याआधी एकदाच झाली होती, १९४६ला ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जींची. उपांत्य सामन्यात तमिळनाडूसमोर मुंबई ७ बाद १०६ होती. शार्दूल ठाकूरने १०९ काढल्या, मुंबई डावाने जिंकली. अंतिम सामन्यात पहिल्या डावात वरची फळी पुन्हा कोसळली, पुन्हा शार्दूलने ७५ काढून २२४पर्यंत नेलं. विदर्भाला १०५त गुंडाळलं. दुसऱ्या डावात एकोणीस वर्षांच्या मुशीर खानने १३६ केल्या आणि विदर्भासमोर ५३८चं लक्ष्य ठेवलं.

इथे साठच्या दशकातला समोरचा संघ बहुधा हात टेकून मोकळा झाला असता. विदर्भाने ३६८ काढल्या. अक्षय वाडकरने शतक केलं, पाचव्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईच्या गोलंदाजांना घाम फोडला. शेवटचा बळी धवल कुलकर्णीने घेतला, त्याच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात. १६९ धावांनी विजय. हा विदर्भ म्हणजे २०१७-१८ आणि २०१८-१९चा विजेता आणि पुढच्याच वर्षी, २०२४-२५ला, मुंबईला उपांत्य फेरीत हरवून पुन्हा विजेता होणारा संघ. करंडकाचं वजन हरलेल्याच्या वजनावर ठरतं. १९७०-७१च्या मुंबईने एकोणीसशे एक्केचाळीसनंतर काहीही न जिंकलेल्या महाराष्ट्राला हरवलं. २०२४च्या मुंबईने त्या दशकातल्या सगळ्यात चांगल्या संघाला हरवलं.

म्हणून माझा क्रम: पहिला २०२३-२४, दुसरा १९७०-७१, तिसरा नव्वदच्या मध्याचा.

खडूसपणा रक्तात नसतो

काकांचं दुसरं वाक्य राहिलं. खडूसपणा गेला म्हणे. गेला कुठे? मी सांगतो. नागपूरला गेला, इंदूरला गेला.

विदर्भाच्या पहिल्या दोन्ही करंडकांच्या वेळी प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईचे जुने यष्टिरक्षक. संघात होता वसीम जाफर, ज्याने मुंबईला करंडकामागून करंडक दिले होते आणि चाळिशीला टेकल्यावर विदर्भाकडून २०१८-१९ला हजारावर धावा केल्या. मग पंडित मध्य प्रदेशला गेले आणि २०२१-२२च्या अंतिम सामन्यात बंगळुरूला मुंबईलाच हरवून करंडक घेऊन गेले. पंधरा वर्षं शिवाजी पार्कच्या मातीचा गुण म्हणून सांगितलेली गोष्ट दोन माणसांनी बॅगेत भरून दुसऱ्या राज्यात नेली आणि तिथे ती उगवली. जी गोष्ट अशी नेता येते ती शिकवताही येते. तिला रक्त, माती, मराठी बाणा असली नावं देण्यात अर्थ नाही.

मुंबईतही ती संपलेली नाही, तिचा पत्ता बदलला आहे. शार्दूल पालघरचा, लोकलने किट घेऊन येणारा. तुषार देशपांडे कल्याणचा. यशस्वी भदोहीहून आलेला आणि आझाद मैदानावरच्या तंबूत राहिलेला. ज्यांना पूर्वीचे लोक आठवतात त्यांनी एकनाथ सोलकरही आठवावेत, हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. सोलकरांची भूक आणि यशस्वीची भूक यात काय फरक आहे? एकाच्या काळात आयपीएल नव्हती, एवढाच.

जानेवारी २०२५मध्ये बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरने मुंबईला पाच विकेट्सनी हरवलं. मुंबईच्या संघात रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे आणि शार्दूल होते. सोशल मीडियावर दोन दिवस मुंबईची चेष्टा चालली. पण त्या सामन्याकडे जम्मूच्या बाजूने बघा. ते १९५९-६०पासून रणजी खेळतायत. पंधराच्या माळेच्या काळात विभागीय पद्धतीमुळे त्यांची मुंबईशी गाठ पडण्याची शक्यताही जवळजवळ नव्हती. आज ते मुंबईत येऊन कसोटीवीरांना बाद करतात. मुंबईचं हे असं हरणं ज्याला वाईट वाटतं, त्याला क्रिकेटपेक्षा मक्तेदारी जास्त आवडते.

उसना अभिमान

आता आपल्याबद्दल. लासलगाव, निफाड, येवला, मनमाड, नाशिकच्या लोकांबद्दल.

महाराष्ट्राने शेवटचा करंडक १९४०-४१ला जिंकला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ला अंतिम सामन्यात हार. याच संघाच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या. त्याच मोसमात पुण्यातच मुंबईने महाराष्ट्राविरुद्ध ६५१ आणि ८ बाद ७१४ केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा, आजही विश्वविक्रम. आणि जानेवारी २०२३मध्ये ब्रेबॉर्नवर दोन्ही संघांचा पहिला डाव ३८४वर संपला, आघाडी कुणालाच नाही, आणि दोघंही स्पर्धेबाहेर. मुंबईशी बरोबरीने उभं राहिल्याचा आमचा इतिहास एवढा जुना आणि एवढा ताजा आहे. तो आमच्या टपरीवर कुणाला माहीत नाही. पंधराचा पाढा सगळ्यांना पाठ आहे.

याचं कारण मला सोपं दिसतं. दुसऱ्याचं मोठेपण उसनं घेतलं की स्वतःच्या संघाला जाब विचारावा लागत नाही. विदर्भ जिंकतो, सौराष्ट्र दोनदा जिंकतो, गुजरात जिंकतो, मध्य प्रदेश जिंकतो. महाराष्ट्र का नाही, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात कुणी विचारत नाही, कारण आपली भूक मुंबईच्या आठवणींवर भागते. विदर्भाच्या लोकांनी मुंबईचा अभिमान उसना घेतला नाही. त्यांनी मुंबईचा प्रशिक्षक घेतला. हा फरक बघा.

नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. नाशिकचा सत्यजित बच्छाव वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी डावखुरी फिरकी टाकतोय, म्हणजे नाडकर्णींचंच काम करतोय, आणि त्यासाठी त्याला संघ बदलावा लागलेला नाही. लासलगावच्या किती पोरांनी त्याला टाकताना समोरून बघितलंय? जायला बस लागते, वेळ लागतो, पण तेवढाच वेळ आपण जुन्या मुंबईच्या रीलवर घालवतोच.

पुढच्या मोसमात कुणी काका पंधरा म्हणाले तर वाद घालू नका. त्यांना विचारा, १९७०-७१ला अंतिम सामना कुणाविरुद्ध होता? उत्तर आलं नाही तर सांगा, आपल्याविरुद्ध होता, आपण हरलो होतो, आणि अजून जिंकायचं बाकी आहे.